देवकुंड राहू दे, आधी भाजे लेण्यांना जा

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. ऑफिसातले आठजण, दोन गाड्या, रविवारी पहाटे हिंजवडीतून निघून देवकुंडच्या धबधब्याला. "मावशी, ट्रेक सोपा आहे ना?" असं विचारलंयस. वाट सोपी आहे, पण जुलै सोपा नाही.

तू लातूरची. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हा तू शाळेत होतीस. त्या पाण्याचा टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची, हे तूच मला सांगितलंस. ज्या मुलीने पाण्याची अशी वाट पाहिली, तिला पाणी दिसल्यावर त्यात शिरावंसं वाटणारच. म्हणून तर हे पत्र लांबणार आहे.

पुण्याचा पाऊस बघून घाटाचा अंदाज बांधू नकोस. शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात 556 मिलिमीटर पडला. कोथरूडमध्ये भुरभुर चालू असते आणि मुळशीच्या पलीकडे आभाळ फाटलेलं असतं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात आणि तिथेच रिते होतात. पुण्यात पोचतो तो उरलासुरला. म्हणून हवामान खात्याचा इशारा बघताना 'पुणे' एवढंच बघायचं नाही. पुण्याचा घाटमाथा ते वेगळा देतात, तो बघायचा. ऑरेंज असेल तर ओढा ओलांडावा लागेल अशी वाट सोडायची. रेड असेल तर घर सोडायचं नाही.

देवकुंड भिऱ्याच्या धरणामागे, रायगड जिल्ह्यात. वाट बरीचशी रानातली आणि मधे ओढे लागतात. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेला लागतं. पावसाळ्यात तिथे प्रशासन अनेकदा बंदी घालतं आणि ती घालायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये जा. तेव्हाही धबधबा असतो, कुंडाचं पाणी निवळलेलं असतं आणि कड्यावरून पडणारी धार नीट बघता येते. मी स्वतः घेऊन जाईन.

आता रविवारचं. गाड्या घरी ठेवा आणि लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. एक्स्प्रेस वे वरच्या पुलाने ओलांडला की अर्ध्या-पाऊण तासात भाजे गाव येतं. तिथून पायऱ्या. वर 22 लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत, दोन हजार वर्षांच्या. त्यांच्याखाली पाच मिनिटं गप्प उभी राहा. पुढे दगडी स्तूपांचा घोळका लागतो आणि शेवटच्या विहारात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे. तिच्या जवळच पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळत असतं. कोरडी राहून, पाठीला लेण्याची भिंत टेकून धबधबा ऐकता येतो, अशी जागा पुण्याजवळ मला तरी दुसरी ठाऊक नाही. पहिल्या पावसाळ्याला एवढं पुष्कळ आहे.

तिथून कोणी म्हणेल, वर विसापूरला चढू. नको. त्या वाटेच्या पायऱ्यांवरूनच पाणी वाहतं, शेवाळ धरलेलं असतं आणि उतरताना पाय सरकतो. पाय धडधाकट असेल आणि पाऊस थांबलेला असेल तर शेजारच्या लोहगडाच्या पायऱ्या बऱ्या, पण तेही वेगळ्या दिवशी. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, परतीची गाडी आधीच बघून ठेव.

ऑगस्टमध्ये मढेघाट. वेल्ह्यावरून केळदला जायचं, पुढे चालणं थोडंच. तानाजी मालुसऱ्यांचं शव याच घाटाने खाली उमरठ्याला नेलं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. इथे आपण धबधब्याच्या डोक्यावर उभे असतो, पाणी पायाखालून कोकणात उडी घेतं. ही खरी धोक्याची जागा, कारण पाणी दिसायला उथळ आणि निरुपद्रवी असतं. कडेपासून दहा पावलं अलीकडे थांबायचं आणि धार बाजूने बघायची. धुकं आलं तर बसायचं. ते हटतं, आणि हटताना खालचं कोकण तुकड्यातुकड्याने उघडतं, ते बघायलाच जायचं असतं.

नाणेघाटही मनात ठेव. जुन्नरच्या पुढे, दिवस पुरा जातो. वारा जोराचा असेल त्या दिवशी तिथे पाणी खाली पडतच नाही. कोकणातून आलेला वारा कड्याला थडकून सरळ वर उसळतो आणि पडणारी धार पुन्हा माथ्यावर फेकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पावसात रडले होते.

पाणी वाचायचं कसं, ते आता नीट वाच. 1996 च्या जुलैत आम्ही सहाजणी ताम्हिणीत एक ओढा ओलांडून पलीकडे डबे खायला बसलो. आमच्यावर पाऊस नव्हता. गुरं वळणारा एक म्हातारा इरलं पांघरून आला. त्याने न बोलता पाण्याच्या काठाला एक काटकी रोवली आणि आमच्याजवळ बसला. भाकरी संपायच्या आत काटकी पाण्यात गेली. "आता बसा," म्हणाला. पाणी आधी गढूळ झालं, मग पाला आणि काटक्या वाहत आल्या, मग आवाज बदलला. खळखळ गेली आणि खोल घरघर सुरू झाली. वर कुठेतरी कोसळला होता. ओढ्याचा सहा तास नुसता लोंढा होता. अंधारात, पाणी उतरल्यावर, त्यानेच आम्हाला एकेकीला हात धरून अलीकडे आणलं. आमच्यातली एक "आत्ताच पळत जाऊ" म्हणून उठली होती. तिचा हात मी घट्ट धरून ठेवला होता, तो अजून आठवतो.

तेव्हापासून कुठेही बसले की काठाला काटकी रोवते. तूही रोव. काटकीकडे पाणी आलं, रंग बदलला, पाला वाहू लागला, यातलं एक जरी दिसलं तरी डबा तसाच टाकून पाण्यापासून दूर, उंच जागी जायचं. अडकलात तर पलीकडेच थांबायचं. इथले ओढे जेवढ्या घाईने चढतात तेवढ्याच घाईने उतरतात. 112 लावायचा, नाहीतर गावात निरोप पाठवायचा. लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'ची मुलं अशा वेळी रात्री-अपरात्री धावून जातात.

30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागे एकाच घरातले पाचजण वाहून गेले. लहान मुलंही होती त्यात. ते पाण्याच्या मधे उभे होते, एकमेकांना धरून. दोष देत नाही मी त्यांना. पाणी अचानक चढलं. एवढ्यासाठीच सांगते, धारेखाली उभं राहायचं नाही, कुंडात उतरायचं नाही. वरून पाण्याबरोबर दगडही येतात, आणि कुंडाचा तळ कोणालाच दिसत नाही.

निघण्याआधी आठजणांनी एक ठरवा, "परत फिरू" असं एकाने म्हटलं तरी सगळे फिरणार, कारण विचारणार नाही. सगळ्यात हळू चालणारा पुढे राहील. ऑफिसचे पांढरे बूट नकोत, खाली खोल खाचा असलेले हवेत. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणखी एक. सध्या मावळात लावणी चालू आहे. खाचरांच्या बांधावरून चालताना आधी विचारा, बांध फुटला तर त्या घरचं वर्षाचं भात जातं. फोटोसाठी चिखलात उतरू नका. गावातच पिठलं-भाकरी सांगून ठेवा, परतेपर्यंत तयार होते. बाटल्या, पिशव्या परत आणा.

शनिवारी रात्री नऊला मला फोन कर, आपण दोघी मिळून इशारा बघू. घाटमाथ्याला रेड असेल तर आठजणांना घेऊन माझ्याकडे ये. थालीपिठं लावते, लोणी आहे.

तुझी
मावशी