‘सेट’ या इंग्रजी शब्दाचे किती अर्थ आहेत? पोरीने सगळे पाठ करायचे का?

पाठ अजिबात करू नयेत: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’चे सुमारे ४३० अर्थ आहेत, आणि तेवढे इंग्रजांनाही पाठ नसतात. मी कोल्हापुरात इंग्रजी शिकवतो. वर्गात आधी एवढंच सांगतो की हे मुळात दोन शब्द आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ‘सिट’च्या नात्यातलं. म्हणजे बसणं आणि बसवणं. हिऱ्याचा खडा अंगठीत बसवला, गजर लावला, परीक्षेचा पेपर काढला, स्लॅबचं काँक्रीट घट्ट धरलं, रंकाळ्यावर सूर्य मावळला, सगळीकडे सेटच. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद येतं, म्हणून पोरं गोंधळतात. गुजरीत सराफ ठुशी आणि कानातल्यांचा ‘सेट’ दाखवतो, तो जोड या अर्थाचा नामशब्द मात्र जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, पंथ या अर्थाच्या ‘सेक्ट’चा भाऊबंद. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले, त्यामुळे काही अर्थ नेमके कुणाचे ते ठरवता येत नाही.

पोरीला वहीत शब्दांच्या जोड्या लिहायला लावा, अर्थाचे आकडे नकोत:
- सेट द टेबल: जेवणाची मांडामांड
- सेट फायर टू: पेटवून देणं
- सेट ऑफ: प्रवासाला निघणं (फटाका उडवणंही)

एक लक्षात ठेवा, ४३० हा त्या एका कोशाचा हिशोब. शाळेच्या कोशात अर्थ खूपच कमी सापडतील, आणि त्यातलेही वीसेक आले तरी दहावीपर्यंत भागतं. आणि ‘पोरगा पुण्यात सेट झाला’ हे आपलं मराठी, ते पेपरात लिहू देऊ नका. तिथे ‘सेटल्ड’ लागतं.