‘कॅमेरा बंद होता’ म्हणतात, आता काय?

प्रश्न : धाकट्या भावाला पोलीस कोठडीत मारहाण झाली. सीसीटीव्ही चित्रण मागितलं, तर ‘कॅमेरा बंद होता’ एवढंच उत्तर मिळालं. दाद कुठे मागावी?

उत्तर : एवढ्यावर गप्प बसू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार (परमवीर सिंग सैनी प्रकरण) कोठडी, व्हरांडे, ये-जा करायची सगळी दारं इथे अंधारातही टिपणारे, आवाजासह कॅमेरे हवेत. चित्रण १८ महिने, साठवणीची अडचण असली तरी किमान वर्षभर जपायचं. कॅमेरा बिघडला की पोलीस ठाण्याच्या प्रभारीने लगेच या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीला कळवायचं असतं. म्हणून समितीकडच्या लेखी अर्जात नेमकं हेच विचारा : बिघाड कोणत्या तारखेला कळवला, त्याची नोंद कुठे आहे? तारीख, अंदाजे वेळ आणि खोली लिहा. ‘सगळं फुटेज द्या’ अशा मोघम अर्जाला टोलवणं सोपं जातं. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

या समितीत पोलीस अधीक्षकही असतात, त्यामुळे तिच्यावरच विसंबणं आम्हाला धोक्याचं वाटतं. सोबतच राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा आणि चित्रण तातडीने ताब्यात घेण्याची विनंती करा. घटनेपासून वर्ष उलटलं, तर आयोग चौकशी करू शकत नाही.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत भावाला मिळायलाच हवी. त्यात जखमांच्या नोंदी आणि त्या साधारण कधी झाल्या, हे असतं. भाऊ अजून कोठडीत असेल, तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केल्यावर त्याने स्वतः तोंडाने मारहाण सांगावी, जखमा दाखवाव्यात.