अणुस्फोट टिपणारे जागतिक जाळे किती भरवशाचे, हे मोजायचे कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, १३ मे १९९८ रोजी पोखरणला झालेले दोन छोटे स्फोट भारताबाहेरच्या भूकंपमापकांवर दिसलेच नाहीत, मग सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराखाली उभारलेल्या जाळ्यावर विश्वास का ठेवावा. प्रश्न रास्त आहे. परंतु ‘पकडले की नाही’ एवढ्या एकाच कसोटीवर अशी यंत्रणा तोलता येत नाही. कोणत्या प्रदेशात, कोणत्या खडकात, किती मोठा स्फोट ती किती खात्रीने पकडते, असे विचारावे लागते.

१९९८ साली हे जाळे बाल्यावस्थेत होते. करार स्वाक्षरीसाठी खुला होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आराखड्यात ३२१ निरीक्षण केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा आहेत आणि त्यांपैकी सुमारे ३०० आज प्रमाणित झालेल्या आहेत. तरीही ११ मेचा स्फोट सुमारे ५ तीव्रतेचा म्हणून जगभर स्वच्छ नोंदला गेला. १३ मेच्या दोन्ही स्फोटांची भारताने सांगितलेली एकत्रित क्षमता ०.८ किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी शक्ती) होती आणि ते वाळूच्या टेकाडात केले होते. कोरडी, सुटी वाळू स्फोटाची ऊर्जा स्वतःच गिळून टाकते, त्यामुळे तिथून निघणारी लहर कठीण खडकातल्या लहरीच्या मानाने फारच दुबळी असते. इस्लामाबादजवळच्या निलोर केंद्राच्या नोंदींत त्या दिवशी संकेत सापडला नाही. यावरून क्षमता सांगितली त्याहून कमी होती असे काही परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी म्हटले. कोणाचेही बरोबर धरले, तरी एवढे नक्की की ते स्फोट त्या वेळच्या उंबरठ्याखाली, म्हणजे जाळे पकडू शकते त्या किमान मर्यादेखाली, राहिले.

हा उंबरठा हाच मूल्यमापनाचा गाभा आहे. कठीण खडकात, नीट गाडून केलेला एक किलोटनाचा स्फोट साधारण ४ तीव्रतेची नोंद देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१२ च्या अहवालात असे स्फोट जगात कुठेही झाले तरी, ते मुद्दाम लपवले नसल्यास, उंबरठा एक किलोटनाच्या बराच खाली असल्याचा निष्कर्ष काढला. ‘लपवले नसल्यास’ ही अट महत्त्वाची आहे. मोठ्या पोकळीत स्फोट केला, तर लहरी क्षीण होतात. मिसिसिपीतील मिठाच्या घुमटात १९६४ साली ५.३ किलोटनाचा ‘सामन’ स्फोट झाला आणि १९६६ साली त्याच पोकळीत ०.३८ किलोटनाचा ‘स्टर्लिंग’ झाला. त्याचा संकेत अपेक्षेच्या सुमारे सत्तराव्या भागाइतका भरला. टीकाकार हा आकडा हटकून पुढे करतात. मात्र ती पोकळी आधीच्या मोठ्या अणुस्फोटानेच तयार केली होती, हे सांगायचे ते विसरतात. कोणाच्या नकळत तेवढी पोकळी खोदणे, निघालेला राडारोडा लपवणे आणि वायू बाहेर पडू न देणे हे तिन्ही एकदम साधायला हवे. माझ्या मते ही पळवाट कागदावर दिसते तेवढी रुंद नाही.

संकेत मिळाल्यावरचे काम अधिक नाजूक असते. १६ ऑगस्ट १९९७ रोजी नोवाया झेम्ल्या या रशियन चाचणीस्थळाच्या परिसरात एक हादरा नोंदला गेला आणि अमेरिकेत लगेच संशय व्यक्त झाला. बारकाईने स्थाननिश्चिती केल्यावर तो चाचणीस्थळापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, कारा समुद्राखाली झालेला भूकंप असल्याचे दिसले. स्फोटात आधी पोहोचणारी, दाबाची पी-लहर मागून येणाऱ्या, आडव्या हेलकाव्याच्या एस-लहरीच्या मानाने ठळक असते, भूकंपात एस-लहर जोरकस असते. या गुणोत्तरावर ओळख पटवली जाते. क्षमतेचा अंदाज तर त्याहून निसरडा असतो. ५.० ही एकच तीव्रता घ्या. कझाकस्तानच्या जुन्या, कठीण भूस्तरासाठीचे प्रचलित सूत्र लावले तर उत्तर पाच-साडेपाच किलोटन येते आणि अमेरिकेच्या नेवाडा चाचणीस्थळाचे सूत्र लावले तर वीसच्या वर जाते. पोखरणच्या क्षमतेविषयी आपल्याकडे जो वाद अजून धुमसतो, त्याचे एक मूळ इथे आहे.

हादरा अणुस्फोटाचाच होता हे शेवटी किरणोत्सारी वायूच सांगतो, आणि हाच यंत्रणेचा सर्वात बेभरवशाचा भाग आहे. उत्तर कोरियाच्या २००६ च्या चाचणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातील यलोनाइफ येथे झेनॉन हा अणुस्फोटात निर्माण होणारा किरणोत्सारी वायू सापडला. २००९ ची चाचणी मोठी असूनही काहीच सापडले नाही. फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीनंतर तब्बल ५५ दिवसांनी जपानमधील ताकासाकी केंद्राने तो टिपला. झेनॉन-१३३ या त्याच्या प्रकाराचा अर्धायुकाल (निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ) सव्वापाच दिवसांचा, म्हणजे ५५ दिवसांत त्याचा हजारावा भागही उरत नाही. झेनॉन-१३१एम या दुसऱ्या प्रकाराचा अर्धायुकाल सुमारे बारा दिवसांचा असल्याने तो पंचविसाव्या भागाच्या आसपास शिल्लक राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून वायूचे वय काढून शास्त्रज्ञ चाचणीच्या तारखेपर्यंत मागे पोहोचले. ही कामगिरी वाखाणण्यासारखी खरीच, पण वायू त्या वेळी सुटला आणि वारा जपानकडे होता म्हणून ती साधली. शिवाय वैद्यकीय समस्थानिके (रोगनिदानासाठी वापरले जाणारे किरणोत्सारी पदार्थ) बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात. मे २०१० मध्ये पूर्व आशियात सापडलेल्या किरणोत्सारी कणांवरून एका स्वीडिश शास्त्रज्ञाने उत्तर कोरियाच्या गुप्त चाचणीचा दावा केला होता. पुढे त्या दिवसांतला एक अतिशय छोटा हादरा शोधून काढला गेला आणि लहरींच्या अभ्यासाअंती तो भूकंप ठरवण्यात आला. तरीही ते कण आले कुठून, हा प्रश्न उरलाच.

जाळ्याच्या नोंदी जिथे गोळा होतात ते व्हिएन्नाचे विदाकेंद्र ‘हा अणुस्फोट आहे’ असा निवाडा देत नाही. ते नोंदी आणि विश्लेषण सदस्य देशांना पुरवते, निर्णय देशांनी घ्यायचा असतो. भारताने करारावर सही केलेली नाही, त्यामुळे भारतात या जाळ्याचे एकही केंद्र नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचा कर्नाटकातील गौरीबिदनूरचा भूकंपमापक समूह १९६० च्या दशकापासून चालू आहे, पण तो स्वतंत्र आहे. संशय पक्का करण्याचा अखेरचा उपाय म्हणजे हजार चौरस किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशाची प्रत्यक्ष तपासणी. तिचा अधिकार करार अमलात आल्यावरच मिळणार आहे. त्यासाठी ४४ ठरावीक देशांचे अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम अधिकृत मान्यता, लागते. भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही, अमेरिका व चीनने सही करूनही अनुसमर्थन दिलेले नाही आणि रशियाने दिलेले २०२३ मध्ये मागे घेतले. त्यामुळे यंत्रणेचा हा भाग आजवर कझाकस्तानात २००८ साली आणि जॉर्डनमध्ये २०१४ साली झालेल्या मोठ्या सरावांतच पारखला गेला आहे.