परीक्षेच्या तयारीत गेलेली वर्षं सीव्हीत लिहायची कशी?

स्पर्धा परीक्षेची तयारी थांबवून नोकरी शोधायला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा सीव्हीबद्दलचा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पदवीनंतरची इतकी वर्षं दाखवायची कुठं आणि काय म्हणून? पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून दरवर्षी कितीतरी जण हा प्रश्न घेऊन बाहेर पडतात. अनेकांना तो विचारायचीही लाज वाटते. मग ते मित्राचा सीव्ही मागून घेतात, नाव-पत्ता बदलतात आणि मधल्या वर्षांवर काहीतरी पांघरूण घालतात. अशाच एका मुलाबद्दल इथं लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावचा. २०१७ साली बी.एस्सी. ॲग्री झाला आणि थेट पुण्यात आला. राज्यसेवा, कृषी सेवा, दोन्हींची तयारी. मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोचला, मुलाखतीपर्यंत एकदा. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गावी परतला, वर्षभरापेक्षा जास्त तिथंच राहिला, मग पुन्हा पुण्याला आला. २०२३ च्या अखेरीस घरून पैसे मागवणं त्याला जड जाऊ लागलं. बियाणं, खतं, ठिबक अशा कंपन्यांच्या जाहिराती बघून तो अर्ज पाठवत होता. कुठूनही फोन येत नव्हता.

"मॅडम, सहा वर्षांचा गॅप आहे. तो बघूनच बाजूला टाकत असतील ना?" असं विचारत त्यानं सीव्ही पुढं ठेवला.

तीन पानं होती. पहिल्या पानावर फोटो आणि त्याखाली ध्येयाचा परिच्छेद: 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे' अशा अर्थाचा, जो मी शेकडो सीव्हींमध्ये शब्दशः वाचला आहे. पुढं वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि चक्क आधार क्रमांक. दुसऱ्या पानावर कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या: एक्सेल ८० टक्के, नेतृत्व ९० टक्के. तिसऱ्यावर छंद आणि 'वरील माहिती सत्य आहे' असं प्रतिज्ञापत्र. आणि या सगळ्यात एक ओळ अशी: '२०१७ ते २०२३, एका कृषी सेवा केंद्रात विक्री व शेतकरी मार्गदर्शन'. दुकान चुलतभावाचं. अनुभवाचा दाखलाही त्यानं लेटरहेडवर करून दिला होता.

या ओळीपासून सुरुवात करणं मला भाग होतं. मी त्याला रागावले नाही. त्याच्या समोर बसले आणि मुलाखत घेतल्यासारखी विचारत गेले. जूनमध्ये दुकानात उधारी किती व्हायची? वसुली कोण करायचं, कधी? कोणत्या कंपन्यांचे प्रतिनिधी यायचे, त्यांच्याकडून माल कोणत्या अटींवर मिळायचा? पहिल्या प्रश्नाला त्यानं काहीतरी सांगितलं. दुसऱ्याला मान खाली घातली.

त्याला जे ठाऊक नव्हतं ते मी सांगितलं. कृषी निविष्ठांच्या कंपन्यांचा सगळा धंदा तालुक्यातल्या दुकानदारांवरच चालतो. तुझी मुलाखत घेणारा विभागीय व्यवस्थापक तुझ्या चुलतभावाला बहुधा नावानं ओळखत असेल, नसेल तर वितरकाला एक फोन केला की झालं. शिवाय अनुभव दाखवला की पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात. मोठ्या आस्थापनेचं नाव घातलं असतं तर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागितला असता आणि त्यात कुठं, कधीपासून कधीपर्यंत काम केलं याची नोंद दिसते. खोटा अनुभव रुजू झाल्यावर उघड झाला तरी नोकरी जाते. अशी एक नोकरी जाताना मी जवळून पाहिली आहे. त्या मुलीला सावरायला किती काळ लागला हे आठवलं की मला या बाबतीत मवाळपणे बोलता येत नाही.

"मग सहा वर्षं कोरी सोडू?" त्यानं विचारलं. आवाजात चीड होती आणि ती मला समजत होती.

"कोरी का? तू काय करत होतास?"

"अभ्यास. बाकी काही नाही."

हे 'बाकी काही नाही' मी सहसा मान्य करत नाही. त्याला म्हटलं, टाळेबंदीत गावी होतास तेव्हाचं सांग. तो सांगू लागला. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या. त्याच्या वडिलांनाही दुबार पेरणी करावी लागली. पुढच्या वर्षी पेरणीआधी यानं घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभरानं मोजायचे. सत्तर किंवा जास्त निरोगी कोंब आले तर शिफारशीप्रमाणे पेरणी, कमी आले तर त्या प्रमाणात एकरी बियाणं वाढवायचं. शेजाऱ्यानं बघितलं, मग भावकीतले आले, मग पलीकडच्या वस्तीवरचे. तिसाच्या वर शेतकऱ्यांचं बियाणं त्यानं तपासून दिलं होतं. वहीत नावं आणि आकडे लिहिलेले होते.

"ती वही आहे?"

"गावी असेल. पण मॅडम, ते घरचंच काम हो. पगार कुठं होता?"

पगार नव्हता म्हणून ते काम नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. घरची शेती, घरचं दुकान, आजारी माणसाचं सगळं बघणं, यातलं काहीच सीव्हीत येत नाही. बायकांच्या सीव्हीत तर मला हे सतत दिसतं. बियाणं कंपनीला जो माणूस हवा असतो, तो शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला पटेल अशा भाषेत बोलणारा. या मुलानं ते केलं होतं आणि सीव्हीत त्याचा एक शब्दही नव्हता.

मग पदवीच्या शेवटच्या वर्षातला ग्रामीण कृषी कार्यानुभव निघाला. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना त्या सत्रात कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात पाठवतात. त्यानं बीजप्रक्रियेची आणि माती नमुना घेण्याची प्रात्यक्षिकं केली होती, आणि सीव्हीत लिहिलं होतं फक्त 'कार्यानुभव पूर्ण'. मेसचे हिशेब दोन वर्षं त्यानंच सांभाळले होते, एक्सेलमध्ये, चाळीसेक मुलांचे. म्हणजे '८० टक्के'च्या पट्टीऐवजी लिहायला खरी गोष्ट हाताशी होती. आणि ज्या जाहिरातीला त्यानं अर्ज केला होता तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं की दुचाकी व परवाना आवश्यक. त्याच्याकडे दोन्ही होतं. लिहिलं कुठंच नव्हतं.

सीव्ही नव्यानं लिहायच्या आधी मात्र मी त्याला एका प्रश्नासह परत पाठवलं. पुन्हा परीक्षेला बसणार आहेस का? राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, हा तिशीच्या आत. दार बंद झालेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर त्यालाच द्यायचं होतं. माझं स्पष्ट मत आहे की नोकरी देणाऱ्याला गॅपची जेवढी भीती वाटते त्याहून जास्त याची वाटते की हा सहा महिन्यांत जाहिरात निघाली की सोडून जाईल. मनात ठरलेलं नसलं की सीव्ही मोघम होतो, कुठल्याही पदाला चालेल असा, आणि मग तो कुठंच चालत नाही. नोकरी करत परीक्षा देणं यात काही वावगं नाही, अनेक जण देतात. पण मग फिरतीचं काम निवडू नये आणि तसं मुलाखतीत विचारलं तर खरं सांगावं. तो गावी गेला, वडिलांशी बोलला, वही घेऊन आला. आता परीक्षा नाही, असं म्हणाला. बोलताना त्याचे डोळे भरून आले. त्या भेटीत आम्ही सीव्हीला हात लावला नाही.

नंतर सीव्ही लिहिला तो एकाच पानाचा, साध्या इंग्रजीत. लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याला मोठ्यानं बोलून दाखवायला लावलं. जे बोलताना अडखळला ते वाक्य सोपं केलं. सीव्हीतलं इंग्रजी मुलाखतीत तोंडून निघालं नाही तर उमेदवाराचीच पंचाईत होते. मधल्या वर्षांची नोंद मी इथं मराठीत देते:

'२०१७–२०२३: महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा व कृषी सेवा परीक्षांची पूर्णवेळ तयारी. मुख्य परीक्षा दोनदा, मुलाखत एकदा. आता पूर्णवेळ नोकरीसाठी उपलब्ध.'

त्याखाली स्वतंत्र नोंद: 'खरीप २०२१: गावातील ३४ शेतकऱ्यांच्या घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता चाचणी, ७० टक्क्यांपेक्षा कमी आलेल्यांना पेरणीचे वाढीव प्रमाण काढून दिले.' चौतीस हा आकडा वहीतून मोजून घेतलेला. 'अनेक शेतकऱ्यांना मार्गदर्शन' असं लिहिलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

फोटो, धर्म, जात, प्रतिज्ञापत्र, छंद काढून टाकले. आधार क्रमांक तर कुणीच सीव्हीत देऊ नये. तो कागद किती हातांत जातो याचा पत्ता नसतो, आणि नेमणुकीच्या वेळी कंपनी कागदपत्रं मागतेच. रंगीत पट्ट्या आणि दोन रकान्यांची मांडणीही काढली, कारण बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत मजकूर उलटसुलट होतो. शाळेत असताना काढलेला, टोपणनावाचा ईमेल पत्ता बदलला. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव दिलं. प्रत्येक अर्जाआधी जाहिरात शेजारी उघडून ठेवायची आणि तिच्यात जे मागितलंय ते आपल्याकडे असेल तर वरच्या अर्ध्या पानात आलंय ना एवढं बघायचं, ही सवय मात्र त्याला स्वतःच लावून घ्यावी लागली.

सगळीकडून होकार आला नाही. दोन ठिकाणी सहा वर्षं ऐकल्यावर पुढं बोलणंच झालं नाही. तिसरी मुलाखत एका बियाणं कंपनीची होती. व्यवस्थापकानं परीक्षेबद्दल एकच प्रश्न विचारला, पुन्हा बसणार का, आणि उत्तर ऐकून थेट चाचणीकडे वळला. साठ टक्के उगवण आली त्यांना काय सांगितलंस? हा म्हणाला, एकरी तीसच्या जागी पस्तीस किलो. मग पेरणीची खोली, बीजप्रक्रियेचा क्रम, दुबार पेरणीचा खर्च, असं बराच वेळ चाललं. वही त्यानं सोबत नेली होती. ती व्यवस्थापकानं चाळून पाहिली.

त्याला सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर घेतलं आहे. पगार त्याच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी आहे आणि हंगामात फिरती भरपूर. चुलतभाऊ दाखला वापरला नाही म्हणून काही दिवस रुसला होता, आता या मुलाच्या तालुक्यातल्या दुकानांच्या यादीत चुलतभावाचंही दुकान येतं, त्यामुळे दर पंधरवड्याला भेट होते. मी त्याला एक काम लावून दिलं आहे: दर शनिवारी कोणत्या गावात किती प्रात्यक्षिकं झाली, किती शेतकरी आले, वसुली किती झाली हे लिहून ठेवायचं. त्यानं नवी वही केली आहे.