ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पात नवे लोक यावेत म्हणून डॉक्युमेंटेशनमध्ये आधी काय सुधारावं?

सगळ्यात आधी सेटअपचं पान, म्हणजे प्रकल्प आपल्या संगणकावर कसा चालू करायचा ते सांगणारं. कोथरूडला एका शनिवारी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला मी आमचंच पान वाचायला दिलं आणि शेजारी बसलो. तिसऱ्याच कमांडला गाडी अडली. नोडची (जावास्क्रिप्ट कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कुठली आवृत्ती हवी, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. असे किती जण गुपचूप परत गेले असतील!

म्हणून कोऱ्या लॅपटॉपवर, नवख्याच्या हातून पान तपासून घ्या. आपण मध्ये बोलायचं नाही. प्रत्येक कमांडखाली स्क्रीनवर काय दिसायला हवं तेही लिहा. नेहमी येणाऱ्या एररचा मजकूर जसाच्या तसा टाका, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतो. गिटहबवर (असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या साइटवर) नवख्यांना जमेल अशा कामाला ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबल लावताना कुठली फाइल उघडायची, तेवढं सांगाच.