ख्रिस्ती विश्वासात नवीन आलायस? आधी एकच काम धर

अरे छान वाटलं, पण लगेच रोज दोन तास प्रार्थना आणि दर शुक्रवारी उपास असलं काही ठरवू नकोस, पंधरा दिवसात दमशील, मी दमलो होतो.

- बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकातला 25वा अध्याय, वचनं 35-36 काढ. कुणाला मदत करायची ते तिथे आहे: भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, बंदिशाळेतला. यातल्या एकाच प्रकारच्या माणसांची मदत धर. मी सरकारी दवाखान्यात शनिवारचा डबा न्यायचो, बस.
- आजाऱ्यापुढे बायबल उघडून सुरू होऊ नको, आधी बस, त्याचं ऐक, त्याने म्हटलं तरच प्रार्थना.
- स्टेटसला फोटो नको!! उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात ना.
- उपासनेला पाच मिनिटं आधी जा, मोबाईल बंद.

आणि बाहेर दया, घरी आईवर खेकसणं, ही चूक सगळेच करतात. ग्रीक-हिब्रू, म्हणजे बायबलच्या मूळ भाषा, नंतर बघू.