उशाशी कवटी कशाला?

अनेक आशीर्वाद.

झोपलेल्या न्यूडची तुझी रेखाटनं मिळाली. रेषेत जोर आहे, पण उशाशी कवटी आणि खिडकीत कावळा कशाला? प्रतीकवाद म्हणजे सामानाची यादी नव्हे. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरचं ‘रात्र’ (1889–90, आता बर्नच्या संग्रहालयात) समोर ठेव. 116.5 × 299 सें.मी.च्या कॅनव्हासवर माणसं झोपलीत, बरीचशी उघडी, काळ्या पांघरुणांत गुंतलेली. मधला पुरुष, म्हणजे खुद्द होडलर, दचकून जागा झालाय. त्याच्या अंगावर काळ्या वस्त्राखाली काहीतरी दबा धरून बसलंय. सगळं आडवं आणि तेवढंच उठलेलं, भीती त्यातून येते. (1891मध्ये जिनिव्हात हे अश्लील ठरवून प्रदर्शनातून काढलं. होडलरने वेगळी जागा घेऊन तिकीट लावून दाखवलं!)

आधी याची नक्कल कर. 56 × 76चा इम्पिरियल कागद लांबीत निम्मा काप, एका टोकाचे 4 सें.मी. उडव. उरलेला 28 × 72 म्हणजे जवळपास मूळचंच प्रमाण. चारकोलने प्रत्येक देहाचा फक्त अक्ष मार, डोक्यापासून टाचेपर्यंत. चेहरे नकोत.

आता तुझी आकृती. ती तरंगते, कारण खालची आऊटलाईन वरच्यासारखीच गोल काढली आहेस. उताण्या देहात पाठीचा वरचा भाग, नितंब, टाचा टेकतात; तिथे रेषा चपटी होते आणि चिकटून बारीक, सर्वांत गडद सावली पडते. कंबर आणि चादर यांच्यामध्ये मात्र फट राहते. चादरीच्या चुण्याही दाबाच्या जागांकडेच ओढल्या जातात. तुझ्या चुण्या कुठेही धावतात.

पावलं डोक्यापेक्षा फारच मोठी झालीत, ती तू पायांशी अगदी जवळ बसल्यामुळे. बाजूला, निदान 5 मीटरवर बस, नजर मॉडेलच्या उंचीच्या थोडीच वर. फार वरून पाहिलंस तर देह नकाशासारखा पसरतो आणि आडवेपणाच जातो. होडलर स्वतःच्या आणि मॉडेलच्या मध्ये काच उभी करून तिच्यावर बाह्यरेषा उतरवून घ्यायचा. तूही घे: एक डोळा मिटलेला, मान स्थिर. हनुवटी बोटभर हलली तरी रेषा जुळत नाही.

आडवी पोझ आरामाची वाटते, पण दबलेला हात लवकर बधिर होतो. 20 मिनिटांनी विश्रांती दे, आणि मॉडेल उठण्याआधी कोपर, नितंब, टाचांच्या खुणा खडूने कर.

ऑग्युस्तीन द्युपँ, होडलरच्या मुलाची आई, 1909मध्ये वारली तेव्हा त्याने तिचं कलेवर रंगवलं. वर भिंतीवर नुसते आडवे निळे पट्टे. ते बघ, मग कावळा खोडून तेच रेखाटन परत पाठव.